थवा गोळा होतो, गोल फिरतो, नाहीतर फुटतो: मॉडेल नेमकं कुठे चुकतंय ते कसं शोधायचं

पक्ष्यांचे, माशांचे थवे किंवा मुंग्यांचं वारूळ संगणकावर चालवणारं मॉडेल बिघडलं की ही तपासणी कामाला येते. आधी लक्षणं लिहितो, तुमचं गाडं यातलं कुठे अडलंय ते बघा.

रन चालू केला की थोड्या वेळात सगळे एजंट, म्हणजे मॉडेलमधले प्राणी, एका ठिपक्यात गोळा होतात आणि तिथेच थरथरत बसतात. किंवा सगळा थवा गोल फिरायला लागतो आणि फिरतच राहतो. किंवा थवा मस्त चाललेला असतो आणि स्क्रीनच्या कडेला आला की फुटतो, निम्मे पुढे निम्मे उलटे. किंवा सगळे ठिपके एकाएकी गायब, एरर काहीच नाही. मुंग्यांचं मॉडेल असेल तर पहिल्या मुंगीला जे अन्न सापडलं तिथेच सगळं वारूळ लोटतं, शेजारचा मोठा साठा तसाच पडून राहतो. गटाच्या निर्णयाचं मॉडेल असेल तर दोन जागांमधली एक निवडायची असते आणि गट दोन्हीच्या मधून सरळ निघून जातो, कुठेच पोचत नाही. आणि एक लक्षण लवकर लक्षात येत नाही, म्हणजे सगळं छान चाललंय असं वाटतं पण सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) बदलला किंवा टाइम स्टेप (मॉडेल एका पावलात जितका वेळ पुढे सरकतं तो) बदलला की निष्कर्षच बदलतो.

अशा फायली माझ्याकडे सारख्या येतात, बहुतेक एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या सुमारास, कोणी नेटलोगो या मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं असतं कोणी पायथनमध्ये, आणि पाठवायच्या आधी जवळपास प्रत्येकाने पॅरामीटर हलवून बघितलेले असतात. आकर्षण थोडं कमी, नॉइज (यादृच्छिक डगमग) थोडा जास्त, त्रिज्या दुप्पट, असं करत करत कधीतरी चित्र बरं दिसायला लागतं आणि तिथेच थांबतात. हे नका करू. दोष तसाच राहतो, फक्त झाकला जातो, आणि मग प्रबंधात "या माशांची आकर्षणाची त्रिज्या इतकी" असं वाक्य जातं जे माशांबद्दल नसतंच, तुमच्या कोडमधल्या एका ओळीबद्दल असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी गणित, मग कडा आणि वेळ, मग नियम, आणि प्राण्याबद्दल बोलायचं ते सगळ्यात शेवटी.

अडचण अशी की वरची बरीच लक्षणं निसर्गातही दिसतात. लष्करी मुंग्या मुख्य वाटेपासून तुटल्या की एकमेकींच्या मागे गोल फिरत राहतात, श्नायर्ला यांनी १९४४ मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय. माशांचे थवे चक्राकार फिरतात हे तर समुद्रातही दिसतं. त्यामुळे नुसतं स्क्रीनकडे बघून ही चूक की हे खरं वागणं ते ठरत नाही, त्यासाठी तपासणीच करावी लागते.

सगळ्यात स्वस्त तपासणी: सीड बदला

बाकी काही न बदलता तेच मॉडेल वीस वेगवेगळ्या सीडवर चालवा. नेटलोगोत यासाठी बिहेवियरस्पेस हे साधन आहे, पायथनमध्ये एक लूप पुरतो. प्रत्येक रनला फक्त एवढंच लिहून ठेवा की थवा घड्याळाच्या दिशेने फिरला की उलट्या, आणि सरळ जात असेल तर कुठल्या दिशेला गेला.

याचं कारण साधं आहे. तुमच्या नियमात डावं-उजवं असा भेद कुठे लिहिलेलाच नसेल तर साधारण निम्म्या वेळा एकीकडे आणि निम्म्या वेळा दुसरीकडे फिरायला पाहिजे, नऊ-अकरा झालं तरी चालेल, पण वीसच्या वीस एकाच बाजूला फिरले तर तो कोडमधला कल आहे, त्याला जीवशास्त्र चिकटवू नका. सरळ जाणाऱ्या थव्याचंही तेच, वीस रनमधल्या दिशा चहूकडे विखुरलेल्या हव्यात. सगळे ईशान्येला जात असतील तर सुरुवातीचा वेग देताना रँडम नंबर ० ते १ मधून उचललाय का बघा, तो उणे १ ते अधिक १ पाहिजे, नाहीतर प्रत्येक पक्षी जन्मतःच उजवीकडे आणि वरती निघालेला असतो. मुंग्यांसाठी वारुळापासून सारख्याच अंतरावर दोन सारखे साठे ठेवा, निवड निम्मी-निम्मी यायला हवी.

कल एकाच बाजूला आला तर लगेच नॉइजच्या ओळीवर जा. व्हिक्सेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेलं मॉडेल अगदी आटोपशीर आहे, प्रत्येक कण ठराविक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांची सरासरी दिशा घेतो आणि त्यात थोडा यादृच्छिक कोन मिसळतो, पण तो कोन शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला असतो. लोक लिहिताना शून्य ते कमाल असा घेतात. नेटलोगोत तर "राइट रँडम २०" लिहून पुढे जातात. त्या ओळीने ० ते १९ मधला पूर्णांक येतो, म्हणजे प्रत्येक टिकला (मॉडेलच्या एका पावलाला) सरासरी साडेनऊ अंश उजवीकडे, म्हणजे साधारण ३८ टिकमध्ये पूर्ण चक्कर, आणि हे बघून "मासे चक्राकार फिरतात" असं लिहिलं जातं. त्याच्यापुढे "लेफ्ट रँडम २०" जोडलं की कल जातो.

कोनांची सरासरी

माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच, म्हणून जरा सविस्तर.

एका शेजाऱ्याची दिशा ३५० अंश, दुसऱ्याची १० अंश. दोघंही जवळजवळ उत्तरेला चाललेत. साधी सरासरी काढली तर १८०, म्हणजे थेट दक्षिण. घड्याळात अकरा आणि एक यांच्या मधोमध बारा असतात, सहा नसतात, पण संगणकाला ते आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. योग्य रीत अशी की प्रत्येक दिशेचा साइन आणि कोसाइन काढायचा, दोन्हीच्या वेगवेगळ्या बेरजा करायच्या आणि त्या एटॅन-टू या कोन काढणाऱ्या फंक्शनला द्यायच्या.

या दोषाची ओळख पटवणारी खूण अशी की थवा बाकी सगळ्या दिशांना नीट चालतो आणि एकाच ठराविक दिशेला वळला की फुटतो. नेटलोगोत ती दिशा उत्तर असते कारण तिथे शून्य उत्तरेला आहे. पायथनमध्ये पश्चिमेला फुटतो, कारण एटॅन-टूचं उत्तर तिथे अधिक १८० वरून उणे १८० वर उडी मारतं. म्हणजे थवा कुठल्या दिशेला फुटतो एवढं सांगितलंत तरी कोड न बघता अर्धं निदान होतं.

याचाच भाऊ म्हणजे कोनांची वजाबाकी. एजंट एका टिकला जास्तीत जास्त इतकेच अंश वळू शकतो असा नियम असेल तर "हवी ती दिशा उणे आत्ताची दिशा" हा फरक उणे १८० ते अधिक १८० मध्ये आणावा लागतो, नाहीतर १० अंशावरचा पक्षी ३५० ला जायला वीस अंश डावीकडे वळायच्या ऐवजी ३४० अंश उजवीकडून लांबचा वळसा घेतो. नेटलोगोत यासाठी तयार कमांड आहे, सबट्रॅक्ट-हेडिंग्ज, तीच वापरा. आणि नेटलोगोतलं मॉडेल पायथनमध्ये नेत असाल तर हे ध्यानात ठेवा की नेटलोगोत कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात आणि पायथनच्या त्रिकोणमितीत पूर्वेपासून उलट्या दिशेने, सूत्रं जशीच्या तशी उचलली तर सगळं चित्र फिरतं आणि आरशात बघितल्यासारखं उलटं होतं.

स्वतःचाच शेजारी

ठिपके गायब झाले असतील तर बहुतेक वेळा शून्याने भागाकार झालाय. सायपाय या पायथनच्या लायब्ररीत शेजारी शोधायला केडी-ट्री असतं, त्याला "या बिंदूजवळचे शेजारी दे" म्हटलं की त्या यादीत तो बिंदू स्वतःही येतो, अंतर शून्य. दूर ढकलण्याच्या नियमात आपण अंतराने भागतो, शून्याने भागलं की उत्तर "नॅन", म्हणजे आकडाच नाही, आणि तो नॅन पुढच्या स्टेपला शेजाऱ्यांच्या सरासरीत जातो, तिथून त्यांच्या शेजाऱ्यांकडे, थोड्याच वेळात अख्खा थवा नॅन. एरर येत नाही कारण पायथनची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय नुसती वॉर्निंग देऊन पुढे चालते, त्या वॉर्निंगा दाबून टाकू नका, उलट त्यांना एरर बनवा म्हणजे कुठे फुटतंय ते लगेच कळेल. सात शेजारी पाहिजे असतील तर आठ मागा आणि पहिला सोडून द्या. एक गोष्ट मात्र बघून घ्या, व्हिक्सेकच्या मॉडेलमध्ये दिशेची सरासरी काढताना स्वतःला धरतात, ती चूक नाही. रेनॉल्ड्सच्या १९८७ च्या बॉइड्स या थव्याच्या मॉडेलमध्ये दूर राहा, दिशा जुळवा, जवळ या हे तिन्ही नियम इतर साथीदारांकडे बघून चालतात. तुम्ही कुठलं मॉडेल घेतलंय त्यावर ठरवा.

कडा

थवा कडेला फुटत असेल तर बॉक्स गुंडाळलेला आहे (एका कडेने बाहेर पडलेला समोरच्या कडेने आत येतो) पण अंतर गुंडाळलेलं नाही. शंभर बाय शंभरच्या बॉक्समध्ये एक मासा ९९ वर आणि दुसरा १ वर असेल तर त्यांच्यात अंतर २ आहे, कोड सांगतं ९८. अंतर दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, मध्यबिंदू मात्र विसरतात, ९९ आणि १ ची सरासरी ५०, म्हणून कडेवरचे दोन्ही मासे बॉक्सच्या मध्याकडे ओढले जातात. इलाज असा की शेजाऱ्यांच्या जागांची सरासरी घ्यायचीच नाही, प्रत्येक शेजारी माझ्यापासून कुठल्या बाजूला किती लांब आहे ते गुंडाळून काढायचं आणि त्या फरकांची सरासरी घ्यायची. नेटलोगोच्या लायब्ररीतल्या फ्लॉकिंग मॉडेलमध्ये जागांची सरासरी न घेता "टुवर्ड्स" वापरून कोनांवर काम केलंय, ते याच कामाला येतं. सायपायच्या केडी-ट्रीत बॉक्ससाइझ नावाचा पर्याय आहे, तो दिलात की शेजारी कडेपलीकडूनही नीट सापडतात, फक्त जागा आधी बॉक्सच्या आत आणून घ्या.

कडेचा आणखी एक प्रकार आहे आणि तो बघायला निदान चौपट संगणकवेळ लागतो तरी बघाच. बॉक्स लहान असला की थवा गुंडाळून येऊन स्वतःच्याच शेपटीला गाठतो आणि स्वतःशीच जुळवून घेतो. घनता तीच ठेवून बॉक्सची बाजू दुप्पट करा, निष्कर्ष टिकला पाहिजे. हे नुसतं माझं खूळ नाही, व्हिक्सेक मॉडेलमध्ये गोंधळातून शिस्तीकडे जाणारा बदल हळूहळू होतो असं आधी वाटत होतं, २००४ मध्ये ग्रेग्वार आणि शाते यांनी बरेच मोठे बॉक्स चालवून दाखवलं की तो उडी मारून होतो आणि मोठ्या बॉक्समध्ये कणांचे दाट पट्टे तयार होऊन सरकत जातात. लहान बॉक्समध्ये ते पट्टे बसतच नाहीत, मग दिसणार कसे.

कोण आधी हलतं

फॉर लूपमध्ये पहिल्या एजंटची जागा बदलली, मग दुसऱ्याने ती बदललेली जागा बघून आपली बदलली, असं चाललं असेल तर यादीतला क्रमांक हा नेतृत्वाचा गुण होऊन बसतो. मग कोणीतरी विश्लेषण करून सांगतं की गटात काही नेते आढळतात. ते नेते कोण, तर शून्य ते नऊ क्रमांकाचे. जुन्या अवस्थेची प्रत ठेवा, सगळ्यांचे नवे वेग तिच्यावरून काढा आणि मग एकदमच लागू करा. नेटलोगोत "आस्क" दर वेळी क्रम पिसून घेतो त्यामुळे पक्का कल येत नाही, तरी एकामागून एक हलवणं आणि एकदम हलवणं यांचे निकाल वेगळे येऊ शकतात, म्हणून कुठलं वापरलंय ते लिहून ठेवा.

टाइम स्टेप

गोळा होऊन थरथरणाऱ्या थव्याचं कारण इथे असतं. एका स्टेपमध्ये एजंट जितकं अंतर कापतो ते ढकलण्याच्या त्रिज्येइतकं किंवा जास्त असेल तर तो शेजाऱ्यावरून उडी मारून पलीकडे पडतो, मग तिथून उलट ढकलला जातो, पुन्हा उडी. मी स्वतः एका स्टेपचं अंतर सगळ्यात लहान त्रिज्येच्या दहाव्या भागापेक्षा कमी ठेवतो. तपासणी अशी की स्टेप निम्मा करा आणि एकूण वेळ तेवढाच ठेवा, निकाल बदलायला नको.

पण स्टेप निम्मा करताना बाकीचेही दर बदलावे लागतात आणि इथेच लोक घसरतात. वेग आणि वळण निम्मं होतं हे सगळ्यांना सुचतं. कोनातला नॉइज मात्र निम्मा करायचा नसतो, वर्गमुळाने कमी करायचा, म्हणजे ०.७१ ने गुणायचं, कारण यादृच्छिक ढकलण्या एकमेकींना थोड्या खोडतात. मुंग्यांच्या गंधाचंही बघा, एका टिकला १० टक्के उडून जात असेल तर अर्ध्या टिकला ५ नव्हे, ५.१३ टक्के, कारण ०.९ चं वर्गमूळ ०.९४८७. आकडा बारीक वाटतो पण हजारो टिक चालवल्यावर गंधाची वाट राहते की पुसते ते यावर ठरतं.

इथपर्यंतचं सगळं एका दुपारचं काम आहे आणि बहुतेक फायली इथेच बऱ्या होतात. इथून पुढे वेळही जास्त लागतो आणि विचारही.

मुंग्या एकाच साठ्यावर अडकल्या तर

द्नबूर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अर्जेंटाइन मुंग्यांना दोन सारख्या फाट्यांचा पूल दिला, आणि थोड्या वेळात बहुतेक मुंग्या कुठल्यातरी एकाच फाट्यावरून जायला लागल्या. त्यांच्या सूत्रात एका फाट्यावरून आधी गेलेल्या मुंग्यांच्या संख्येत के हा आकडा मिळवतात, त्याचा एन घात घेतात आणि दोन्ही फाट्यांच्या बेरजेने भागतात. त्यांच्या प्रयोगाला जुळणारे आकडे के साधारण २० आणि एन साधारण २.

आता हाताने करून बघा. पहिल्या फाट्यावरून १० मुंग्या गेल्यात, दुसऱ्यावरून एकही नाही. के २०, एन २ धरलं तर ३० चा वर्ग ९००, २० चा वर्ग ४००, म्हणजे पुढची मुंगी पहिला फाटा निवडायची शक्यता ९०० भागिले १३००, साधारण ६९ टक्के. दुसरा फाटा अजून जिवंत आहे. के शून्य ठेवलात तर तीच शक्यता १०० टक्के, पहिल्या मुंगीनेच सगळ्या वारुळाचा निकाल लावला. मला येणाऱ्या मुंग्यांच्या मॉडेलमध्ये के हा आकडा कितीतरी वेळा नसतोच, कारण "गंध जास्त तिकडे जा" एवढंच लिहिलेलं असतं. के म्हणजे बिनगंधाच्या वाटेवरही जाऊन बघण्याची तयारी, ती काढली तर शोध थांबतो.

तरी अडकणं पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. अर्जेंटाइन मुंग्यांना आधी फक्त लांबचा फाटा दिला आणि वाट पक्की झाल्यावर जवळचा उघडला तर त्या लांबच्याच फाट्यावर अडकून राहिल्या, हे गॉस आणि सहकाऱ्यांच्या १९८९ च्या प्रयोगात दिसलंय. तुमच्या मॉडेलमधल्या मुंग्या नवा साठा ठेवल्या ठेवल्या तिकडे वळत असतील तर उलट गंध उडून जायचा दर जास्त ठेवलाय का ते तपासा.

गट दोन्हीच्या मधून जातो तेव्हा

हे लक्षण मला फार आवडतं कारण यात चूक आणि खरं वागणं अगदी शेजारी असतात. गटातल्या काहींना एकीकडे जायचंय, काहींना दुसरीकडे. दोन्ही दिशांमधला कोन लहान असेल तर मधली वाट धरणं ठीकच आहे, कोन मोठा झाला की एक निवडावीच लागते. कझिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मॉडेलमध्ये दाखवलं, त्यातच हेही होतं की माहितगार थोडे असले तरी गट नीट पोचतो आणि गट जितका मोठा तितकं माहितगारांचं प्रमाण कमी पुरतं. पुढे केनियातल्या म्पाला संशोधन केंद्रात रानटी बबून माकडांच्या एका टोळीला जीपीएस कॉलर लावून दर सेकंदाला जागा नोंदवली, २०१५ मध्ये ते काम छापून आलं, आणि तिथेही तेच, दोन बाजूंना निघालेल्यांमधला कोन साधारण ९० अंशांच्या आत असेल तर मागची माकडं मधून जात, त्याहून मोठा झाला की एक बाजू धरत. टोळीतला वरचा दर्जा असलेल्याच्या मागेच सगळे जातात असं मात्र दिसलं नाही.

आता कोडमध्ये काय तपासायचं. माहितगाराची आवडती दिशा तुम्ही एकदाच ठरवून ठेवलेला बाण आहे की दर स्टेपला लक्ष्याकडे बघून नव्याने काढता? बाण ठरलेला असेल तर गट कितीही पुढे गेला तरी दोन्ही बाणांमधला कोन तेवढाच राहतो, तो ६० अंश असला तर कायम ६० अंश, निर्णयाची वेळ येतच नाही. खऱ्या जागेत मात्र दोन झाडांकडे जसजसं जवळ जाल तसतसा त्यांच्यातला कोन वाढत जातो आणि कुठेतरी फाटा फुटतो. माशी, टोळ आणि झेब्राफिशची पिल्लं आभासी चित्रात सोडून केलेल्या प्रयोगांत, २०२१ मध्ये आलेल्या, हाच फाटा दिसलाय. एवढी ओळ दुरुस्त करूनही गट मधूनच जात असेल तर दोन्ही बाजूंचे माहितगार आणि त्यांचं वजन तंतोतंत सारखं ठेवून नॉइज शून्य केलाय का बघा, बरोबरी मोडायला थोडा नॉइज लागतो.

शेजारी म्हणजे कोण, आणि किती

थवा पांगला की पुन्हा जुळत नाही अशी तक्रार असेल तर शेजारी ठराविक त्रिज्येत शोधताय का ते बघा. रोमवर हिवाळ्यात येणाऱ्या स्टारलिंगच्या थव्यांचे त्रिमितीय फोटो काढून २००८ मध्ये असं मांडलं गेलं की प्रत्येक पक्षी अंतर कितीही असो, जवळच्या सहा-सात पक्ष्यांशी जुळवून घेतो. त्रिज्या ठेवली तर थवा विरळ झाला की संपर्कच तुटतो, सात शेजारी ठेवले तर ससाण्याने फोडलेला थवा परत जुळतो. आपल्याकडे ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या त्याच कुळातल्या, पण त्यांना सातचाच आकडा लागू पडतो असं धरून चालू नका, ते मोजावं लागेल.

शिस्त मोजताना सगळ्यांच्या दिशांचे एकक बाण बेरीज करून संख्येने भागतात, शून्य म्हणजे गोंधळ, एक म्हणजे सगळे एका दिशेला. मासे थोडे असतील तर पूर्ण गोंधळातही हा आकडा शून्य येत नाही. दहा माशांना साधारण ०.२८ येतो, शंभरांना साधारण ०.०९. म्हणजे दहा माशांच्या टाकीत ०.३ आला म्हणून थवा जुळला असं म्हणता येत नाही, आधी दिशा पिसून घेऊन तुलना करा.

आणि लहान गटाला लहान समजू नका. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने कालुंदर माशावर काम केलं, आपल्या कोकण-गोव्याच्या खाडीतला तोच मासा, २०२० मध्ये छापून आलं. त्यात लहान गट मोठ्या गटांपेक्षा जास्त शिस्तीत पोहताना दिसले, आणि त्याचं कारण असं निघालं की मासा सगळ्या शेजाऱ्यांची सरासरी घेत नसून एका वेळी कुठल्यातरी एकाची नक्कल करतो, गट लहान असला की या नकलेतल्या यादृच्छिकपणातूनच शिस्त तयार होते. म्हणजे नॉइज हा फक्त बिघडवणारा घटक असतो हे गृहीतच इथे लागू होत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये सरासरीचाच नियम पक्का बसवला असेल तर हे वागणं कधीच निघणार नाही, कितीही स्लायडर हलवा.

आणखी एक, पॅरामीटर वाढवत नेताना आणि कमी करत आणताना वेगवेगळे निकाल आले तर घाबरू नका. कझिन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या माशांच्या मॉडेलमध्ये गट आधी कुठल्या अवस्थेत होता त्यावर पुढची अवस्था ठरते. दोन्ही बाजूंनी चालवून दोन्ही दाखवा.

खऱ्या नोंदींशी जुळत नाही तेव्हा

इथे दोष मॉडेलमध्ये नसून डेटात असू शकतो. दर सेकंदाच्या जीपीएसमध्ये प्राणी बसलेला असला तरी जागा थोडी हलत राहते, त्यातून खोटी पावलं आणि खोटी वळणं निघतात, म्हणून एक कॉलर जमिनीवर नुसता ठेवून त्याचा थरथराट आधी मोजून घ्या. व्हिडिओ ट्रॅकिंगमध्ये दोन मासे एकमेकांवरून गेले की ओळख अदलाबदल होते, वेगाचा आलेख काढलात की अशा जागी अशक्य उंचीची टोकं दिसतात.

अन्न शोधण्याच्या मॉडेलमध्ये सगळ्यांना लेव्ही फ्लाइट (बरीच लहान पावलं आणि मधेच एखादं फार लांब) सापडते, तेव्हा अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. १९९६ मध्ये या पक्ष्यांची उड्डाणं त्या नियमाने चालतात असं जाहीर झालं, पायाला बांधलेलं यंत्र कोरडं राहिलं तो वेळ म्हणजे उड्डाण असा हिशोब होता. २००७ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तर सगळ्यात लांब "उड्डाणं" म्हणजे पक्षी घरट्यावर बसलेला असतानाचा कोरडा वेळ निघाला. सगळा निष्कर्ष त्या सगळ्यात लांब उड्डाणांवरच उभा होता. म्हणून तुमच्या आलेखातली सगळ्यात लांब दहा पावलं एकेक करून उघडून बघा, त्या वेळी प्राणी खरंच काय करत होता ते. आणि लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्ष लॉगचे) सरळ रेघ ओढून घातांक काढू नका, कमाल शक्यता (मॅक्झिमम लाइकलिहुड) पद्धतीने काढा आणि दुसऱ्या वितरणांशीही तुलना करा.

कुठे थांबायचं

वीस सीड, निम्मा स्टेप, दुप्पट बॉक्स, हे तिन्ही पार झालं आणि तरीही लक्षण टिकून आहे, तर स्वतः कोड खोदणं थांबवा. ते कदाचित खरं वागणं आहे आणि आता ज्याने तो प्राणी रानात बघितलाय त्याला विचारायची वेळ आहे.

दोन-तीन वेगवेगळे नियम तुमच्या नोंदींशी सारखेच जुळतायत, असं झालं तर संख्याशास्त्रज्ञ गाठा. एकाच चित्रामागे अनेक नियम असू शकतात, त्यातला कुठला ते डोळ्यांनी ठरत नाही, आणि आवडता नियम निवडण्याचा मोह फार असतो. इथे सोनारानेच कान टोचलेले बरे.

नोंदी कमी पडतायत म्हणून स्वतःच प्राण्याला कॉलर लावायचा विचार आला तर तिथल्या तिथे थांबा. उदाहरणार्थ, काळवीट हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मधला प्राणी आहे, पकडायला आणि कॉलर लावायला वनविभागाची परवानगी लागते आणि वन्यजीवांचा पशुवैद्य हजर लागतो. कळपाच्या मागे घाबरवत ड्रोन नेणंही नको, पळणाऱ्या कळपाच्या नोंदी चरणाऱ्या कळपाच्या मॉडेलला काही कामाच्या नसतात.

आणि तुमच्या मॉडेलवरून कोणी खरा निर्णय घेणार असेल, म्हणजे मे २०२० ला विदर्भात टोळ आले तशा वेळी फवारणी कुठे करायची किंवा रानडुकरांसाठी कुंपण कुठे घालायचं, तर मॉडेल द्यायच्या आधी ते काम रोज करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञाला किंवा वन्यजीव अभ्यासकाला दाखवाच, शेत दुसऱ्याचं असतं.

ज्याला पाठवाल त्याला नुसती कोडची फाईल आणि "चालत नाही" असं लिहून पाठवू नका. सोबत दोष दिसतो तो सीड द्या, दोष दिसत नाही असाही एक सीड द्या, स्टेप आणि बॉक्स किती ठेवलेत ते लिहा, थवा कुठल्या दिशेला फुटतो ते लिहा, आणि एजंट दोनच ठेवूनही लक्षण दिसतंय का ते तपासून कळवा. दोन एजंटवर दिसत असेल तर समोरचा माणूस वहीवर हिशोब करून चूक दाखवू शकतो.